तेलाचा पिपा किती दिवस पुरतो?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हटलं, "अहो, दिवाळी अंकात फॅटी लिव्हर? लोक एका हातात चकली धरून अंक वाचतात. त्यांच्या फराळात मी कशाला माती कालवू?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही जन्मभर तेच तर केलं!" आता यावर काय बोलणार? नागपूरला, धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं आहारतज्ज्ञ होते. स्टाफमध्ये माझं नाव 'उपाशी मॅडम' होतं, हे मला निवृत्तीच्या समारंभात कळलं, तेही लिफ्टवरच्या माणसाच्या भाषणातून. मी चिडले नाही असं नाही, पण सगळे इतके हसत होते की मीही हसले. तर हातातली चकली खाली ठेवू नका. खा. दुसरी उचलायच्या आधी मात्र हे वाचून घ्या.

आमचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. टेबल, खुर्ची, वजनकाटा, आणि समोरच्याला 'हे खाऊ नका' म्हणायचं. पण खरी कसरत असते ती समोरच्याच्या तोंडून खरं वदवून घेण्याची. "काय खाता?" विचारलं की आमचा नागपूरचा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "काहीच नाही मॅडम. सकाळी थोडेसे पोहे, बस." त्या पोह्यांवर दोन पळ्या लाल तेलकट तर्री होती, वर शेव होती, आणि नंतर मित्र भेटला म्हणून आलुबोंडा झाला, हे वीस मिनिटांनी कळतं. चहा तर कोणी मोजतच नाही. चहा म्हणजे पाणीच अशी आपल्याकडे समजूत आहे, मग त्यात दोन चमचे साखर का असेना.

म्हणून नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून मी 'काय खाता' हा प्रश्नच सोडून दिला. मी पेशंटकडे बघतच नसे. सोबत आलेल्या बाईला विचारायची, "घरात माणसं किती? तेलाचा पिपा किती दिवस पुरतो?" बाई ताबडतोब खरं बोलते, कारण तिच्या दृष्टीने ती महागाईची तक्रार सांगत असते. "कुठचा पुरतो मॅडम! इकडे आणला नाही त तिकडे खडखडाट." मग मी कागदावर भागाकार मांडायची, आणि नवरा छताच्या पंख्याकडे बघत बसायचा. साखरेचंही तसंच. हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही, म्हणून मला त्याचा जरा जास्तच अभिमान आहे.

आता फॅटी लिव्हर म्हणजे काय, ते सांगते. लिव्हर ही घरातली कोठीची खोली समजा. रोज लागेल तेवढं काढायचं, उरेल ते आत ठेवायचं. पण आपण काढतो थोडं आणि आणून टाकतो जास्त. असं वर्षानुवर्षं चाललं की एक दिवस त्या खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही. वाईट म्हणजे ते दुखत नाही. पोटाची सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी करतात आणि रिपोर्टात खाली एक ओळ येते, 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन'. एक काका तर रिपोर्ट नाचवत आले होते, "मॅडम, ग्रेड वन आलं! माह्या साळ्याचं ग्रेड टू आहे." बहुतेकांचं तिथेच थांबतं आणि वजन उतरवलं तर मागेही फिरतं. पण काहींचं थांबत नाही. लिव्हर आतून निबर होत जातं, पोटात पाणी भरतं, आणि तेव्हा माझ्याकडे पाठवून फारसा उपयोग नसतो.

आणि ही दारू न पिणाऱ्यांची गोष्ट आहे बरं. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की दारू, हे समीकरण इतकं पक्कं बसलेलं आहे की न पिणारा माणूस तपासायलाच येत नाही. जो येतो, त्याच्याकडे सासुरवाडीचे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

सुरुवातीची काही वर्षं मी एक छापील तक्ता द्यायची. आता आठवला की मान खाली जाते. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, ऑलिव्ह ऑइल होतं, आणि संध्याकाळी पाऊण तास भरभर चालणं होतं. भिवापूरकडच्या एका शेतकरी घरातल्या बाई तो तक्ता नीट घडी घालून घेऊन गेल्या आणि तीन महिन्यांनी तशीच घडी घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "पोरानं ते ओट आणलं होतं वं माय. घरचे सारे हासले. शेवटी गाईले घातलं." मी विचारलं, घरी काय असतं? तर ज्वारी होती, तूर होती, मूग होता, बांधावर अंबाडी होती. ज्वारी त्या विकायच्या आणि रेशनचा तांदूळ खायच्या, कारण ज्वारीची भाकर थापायला वेळ लागतो आणि शेतात निंदणाला जायचं असतं. मी त्यांना त्यांच्याच घरची ज्वारी परत खायला लावली. बस, एवढंच केलं.

हिंगण्याच्या कारखान्यातल्या एका माणसाने तर माझी चांगलीच जिरवली. मी म्हटलं, रोज चाला. तो म्हणाला, "मॅडम, बारा बारा तास उभा राहतो मी मशीनवर. पहाटे कंपनीची बस, कधी रात्रपाळी, कधी डबल ड्यूटी. तुम्हीच सांगा, कोणत्या वेळी चालू?" त्याच दिवशी दुपारी एक मोठे व्यापारी आले होते. त्यांच्याकडे व्यायाम करवून घ्यायला घरी माणूस यायचा, स्वयंपाकाला बाई होती, आणि भाजी तोलून शिजायची. सहा महिन्यांत त्यांची सोनोग्राफी स्वच्छ आली आणि त्यांनी मला मिठाईचा डबा दिला. मी तो हिंगण्याच्या त्या माणसाला दिला नाही, एवढी अक्कल मला तोवर आली होती. डबा मिळाला त्या संध्याकाळी छापील तक्त्यांचा गठ्ठा मी रद्दीत घातला.

आता शकुंतलाबाईंचं सांगते. खरं म्हणजे हा लेख मी त्यांच्यासाठीच लिहायला घेतला आहे, बाकीचं नमनाला घडाभर झालं.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शकुंतलाबाई नंदनवन भागातल्या. वय बावन्न. नवरा गेल्यावर त्यांनी घरून डबे द्यायला सुरुवात केली होती. हिंगण्याला कामाला जाणारी, खोल्या करून राहणारी पोरं त्यांचे डबे खायची. बाईंच्या हाताला चव अशी की एकदा लागलेलं गिऱ्हाईक लग्न होईपर्यंत सुटत नसे. दारूचा थेंब त्या घरात कधी आला नव्हता. त्या विहारात नियमाने जाणाऱ्या, पंचशील पाळणाऱ्या. तरी पोटात पाणी भरलं तेव्हा गल्लीतली एक बाई त्यांना विचारून गेली, "चोरून घेत होत्या का वं?" ते त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्या हसल्या. "मॅडम, माह्या घरी तेलाचा हिशोब नका विचारू. तर्री नसली त गिऱ्हाईक तुटते. वरून तेल दिसलं की पोराइले पैसे वसूल झाल्यासारखं वाटते." आणि त्या स्वतः काय खायच्या? सकाळी चहा-टोस्ट. मग सगळे डबे रवाना करून, भांडी घासून, चार वाजता पातेल्याच्या बुडाशी उरलेली भाजी, म्हणजे निम्मं तेलच, आणि उरलेला भात. अन्न फेकायचं कसं? अशी अठरा वर्षं. मधुमेह होता तो कधी कळलाच नाही. पोट फुगायचं त्याला त्या दोन वर्षं गॅस समजत होत्या, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवस डबे बंद, आणि डबे बंद म्हणजे पोरं दुसरीकडे जातात.

डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर बदलावं लागेल. जवळच्या नातेवाइकाने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर तो दोघांच्याही शरीरात पुन्हा वाढतो, हे तुम्ही वाचलं असेल. शकुंतलाबाईंच्या भावाला शुगर होती, तो बाद झाला. उरला एकुलता एक मुलगा, मिलिंद. वय सत्तावीस, हिंगण्याला ठेकेदाराकडे मशीनवर कामाला. रक्तगट जुळला. पोरगा एका पायावर तयार. आणि मग त्याच्या तपासणीत निघालं की त्याच्या स्वतःच्याच लिव्हरवर चरबी आहे. आईच्याच हातचं खाऊन वाढलेला, वर पाळीची नोकरी. काढलेला तुकडा चरबीचा असला तर आईच्या शरीरात नीट चालत नाही, आणि देणाऱ्याच्याही जिवाला धोका वाढतो. डॉक्टरांनी दहा आठवडे दिले. नऊ-दहा किलो वजन उतरव, मग पुन्हा तपासू. त्याहून जास्त थांबणं आईच्या तब्येतीला परवडणारं नव्हतं.

दोघांना माझ्याकडे पाठवलं. मी मन लावून समजावलं. कागदावर लिव्हरचं चित्र काढलं, पिवळ्या पेन्सिलीने चरबी रंगवली. तेलाचे तीन चमचे, ते पण चहाचे. भात वाटीभर, साखर बंद, पालेभाजी, डाळ, ताक. मग म्हटलं, "हे बघा, चरबी कमी झाली नाही तर डॉक्टर मिलिंदला हात लावणार नाहीत. कोणी कितीही विनवण्या केल्या तरी नाही." शकुंतलाबाई एकचित्ताने ऐकत होत्या. त्यांनी मला दोनदा विचारलं, "म्हणजे चरबी राहिली त नाहीच करणार?" मी म्हटलं, नाहीच. मला फार बरं वाटलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारी पेशंट मला क्वचितच भेटली होती.

डब्यांचं काम त्यांनी शेजारच्या बाईवर सोपवलं होतं, पण "मिलिंदचा डबा मीच करीन" म्हणाल्या. सुजलेले पाय घेऊन ती बाई स्टुलावर बसून पोराच्या पथ्याचा स्वयंपाक करायची. मी सगळ्या स्टाफला कौतुकाने सांगत फिरले.

तीन आठवड्यांनी मिलिंद वजन करायला आला. काट्याकडे बघून माझा विश्वास बसेना. दीड किलो वाढलं होतं!

मला राग आला की मी थांबत नाही, हा माझा जुना दोष. सगळं ओपीडी ऐकेल अशा आवाजात मी त्याला म्हटलं, "तुला आईपेक्षा कॅन्टीनचा समोसा मोठा आहे का रे?" तो उंच, भरल्या अंगाचा पोरगा. खाली मान घालून उभा राहिला. डोळे भरून आले होते. म्हणाला, "मॅडम, मी कॅन्टीनमध्ये पायच नाही ठेवत. मायचाच डबा खातो. सोबतचे लोक चहाले जाते त मी मशीनपाशी उभा राहतो. तुम्ही म्हटलं ते सारं करून राहिलो मी." मला ते खोटं वाटलं. सगळेच असं म्हणतात. एकतीस वर्षांत मी पुष्कळ लोकांना टोचून बोलले असेन, पण त्या समोशाच्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मी म्हटलं, "उद्या डबा इथे घेऊन यायचा. न खाता."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून तो कंपनीच्या कपड्यांतच आला. चार पुडांचा डबा टेबलावर ठेवला. पोळ्या, पालकाची डाळभाजी, दोडक्याची कोरडी भाजी, बाटलीत ताक. वरून बघाल तर अगदी माझ्या कागदाबरहुकूम. कुठे तर्री नाही, तेलाचा तवंग नाही. मी भाजीचा घास घेतला. दुसरा घेतला. आणि तिसरा घेताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, पथ्याचं जेवण इतकं चविष्ट असूच शकत नाही! मी आयुष्यभर ते लिहून दिलेलं आहे, मला माहीत आहे.

पोळी दोन बोटांत दाबली. बोटं चकाकली. कणकेत तुपाचं मोहन घातलेलं होतं, तेही सढळ हाताने, आणि भिजवली होती दुधात. डाळभाजीत शेंगदाणे आणि काजू इतके बारीक वाटून मिसळले होते की डोळ्याला दिसू नयेत. दोडक्याच्या भाजीत खोबरं आणि तिळाचं कूट. ताक म्हणजे सायीचं दही जरासं घुसळलेलं, त्यात साखर. तेलाचे तीन चमचे मात्र बरोबर तीनच असणार, त्याबद्दल माझी खात्री होती. अठरा वर्षं डबे करणाऱ्या बाईने मला सपशेल बनवलं होतं.

मला वाटलं, आईची माया. आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की माणसाला ताकदीचं खाऊ घालतात, डिंकाचे लाडू येतात, भेटायला येणारा प्रत्येकजण पिशवी घेऊन येतो. आता नीट समजावलं की झालं. रविवारी मी नंदनवनला त्यांच्या घरी गेले. मिलिंदने मोटारसायकलवर नेलं. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीपेक्षा मोठं. शकुंतलाबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे पिवळे, हातांच्या काड्या, आणि पाय न् पोट तेवढं सुजलेलं.

मी गोड बोलायला सुरुवात केली. "शकुंतलाबाई, तुमचं प्रेम मला कळतं. पण असं तूप घातलं तर चरबी कशी उतरेल? मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "हो ना मॅडम. तुम्हीच त सांगितलं. चरबी राहिली त डॉक्टर त्याले हात लावणार नाही म्हणून."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मी चित्र काढून, पिवळी पेन्सिल फिरवून जे इतकं छान समजावलं होतं, ते त्या बाईने पूर्ण समजून घेतलं होतं, आणि त्याचा नेमका उलटा उपयोग करून त्या पोराला सुरीपासून वाचवत होत्या.

मिलिंद दारात उभा होता. "माय, तू मुद्दाम करून राहिली?"

"काहून नाही करू?" त्यांचा आवाज चढला. "तुहं लगन व्हायचं आहे अजून. पोट फाडलेल्या पोराले पोरगी कोण देईन? तो ठेकेदार उद्या म्हणन, तुले वजन उचलता येत नाही, घरी बस. मंग काय करशीन? माहं काय, मी जगली बावन्न वर्ष. तुह्या अंगाचा तुकडा घेऊन मले नाही जगायचं. मॅडम, तुम्ही आई आहे ना? तुम्ही घेतला असता?"

मला दोन मुली आहेत. खरं सांगू? मीही तेच तूप घातलं असतं. आणि ठेकेदाराबद्दल त्या बोलल्या ते तर शंभर टक्के खरं होतं. आम्ही हॉस्पिटलवाले 'तीन महिने जड काम नको' असं सहज लिहून देतो. तीन महिने जड काम न करणाऱ्या ठेक्यावरच्या माणसाचं काय होतं, हे आमच्या कागदावर कुठेच नसतं.

मिलिंद आत आला. आईच्या पायांशी खाली जमिनीवर बसला. मला वाटलं, हा आता रडेल किंवा ओरडेल. पण तो अगदी हळू आवाजात बोलला.

"माय, कोणाचा डबा भरलेला परत आला त तू काय करते?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दिवसभर जेवत नाही तू. त्या पोराले फोन करते, काहून परत आला, काय चुकलं म्हणून. एकदा त त्याच्या खोलीवर गेली होती उन्हाची. हो का नाही?" त्याने त्यांचा सुजलेला पाय धरला. "मी जिंदगीत एकच डबा भरला माय. तुह्यासाठी. अन तू तो न उघडता परत करून राहिली."

बाहेर कुठेतरी लग्नाचा बँड वाजत होता. शकुंतलाबाईंनी पदराने तोंड झाकलं आणि त्या खूप रडल्या. मिलिंदही रडला, मीही रडले. मग त्यांनी तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि माझ्याकडे वळून एकदम रागाने म्हणाल्या, "तीन चमचे म्हणजे पोळीले लावायचं धरून का सोडून?"

मी म्हटलं, "धरून."

"बरं."

त्यानंतर त्या बाईने जे केलं ते मी जन्मात करू शकले नसते. तूप लपवता येणाऱ्या हातांना ते काढताही येत होतं. वांगं विस्तवावर भाजून, कोहळं नुसत्या वाफेवर, जिरं कोरडं भाजून, आंबट चुका डाळीत घालून त्या असे प्रकार करायच्या की मिलिंदच्या डब्याभोवती कंपनीतली पोरं गोळा व्हायची. रात्रपाळीत जेवणाच्या वेळा बिघडतात, म्हणून चार सोबत्यांनी त्याच्या रात्रपाळ्या आपसात वाटून घेतल्या. ठेकेदाराला कळलं तेव्हा तो कुरकुरला, पण माणसं मशीनवर हजर होती, मग काय बोलणार? कंपनीची बस सोडून मिलिंद सायकलने जायला लागला. नंदनवन ते हिंगणा, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! विहारातल्या बायकांनी भेटायला येताना खायचं आणणं बंद केलं. त्या आळीपाळीने येऊन भाज्या निवडून द्यायच्या. पैशांची जुळवाजुळव मिलिंदच्या मामांनी आणि हॉस्पिटलच्या समाजसेविकेने मिळून केली, त्यात माझा काही हात नव्हता.

उरलेल्या सात आठवड्यांत पोरगा अकरा किलो उतरला. शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट मी माझा असल्यासारखा दोनदा वाचला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, काय जादू केली?" मी म्हटलं, "मी नाही, त्याच्या आईने." खोटं श्रेय घ्यायची मला सवय नाही, आणि या वेळी तर तोंडच नव्हतं.

ऑपरेशनची ती सकाळ आणि ती दुपार मी काही लिहीत नाही. माझं त्यात काही कामच नव्हतं. मी खाली कॅन्टीनमध्ये बसून मामांना जबरदस्तीने दोन घास खाऊ घातले, आणि स्वतः तीन कप साखरेचा चहा प्याले.

नंतरचंही सगळं सोपं झालं असं नाही. ठेकेदाराने तीन महिन्यांनी मिलिंदला परत घेताना खळखळ केलीच, सोबत्यांनी भांडून त्याला हलक्या कामावर लावून घेतलं. लग्नाच्या दोन ठिकाणांहून नकारही आले. तिसऱ्या ठिकाणी मात्र मुलीनेच घरच्यांना सांगितलं म्हणे, की जो आईसाठी एवढं करतो तोच मला पाहिजे. आता त्याला एक मुलगी आहे. माझा पगार थांबला तरी अशा बातम्या मला घरपोच येतात, म्हणून मी एकूण मजेत आहे.

पण मला सांगायचं आहे ते चौथ्या दिवसाचं. मिलिंद वरच्या मजल्यावर ठीक होता, हळूहळू चालत होता. शकुंतलाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा पातळ खिचडी द्यायची होती. एरवी ट्रे घेऊन वाढपी जातो. त्या दिवशी मी स्वतः घेऊन गेले. तोंडाला मास्क, अंगावर निर्जंतुक झगा. ओळखलं त्यांनी मला तरीही. डोळ्यांतला पिवळेपणा उतरायला लागला होता.

मला भीती वाटत होती ती खाण्याचीच. मनावर ओझं असलं की माणूस गिळत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलेलं आहे. पोराचं घेऊन जगायचं नाही म्हणणारी बाई पहिला घास घेईल का, हे कुठल्याच रिपोर्टात लिहून येत नाही.

मी चमचा पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. पहिला घास घेतला, तोंडात फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कोणी शिजवलं?"

"आमच्या स्वयंपाकघरात."

"मुगाची डाळ भाजून घेतली नाही."

"नाही घेतली."

त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या नव्या सुनेचा स्वयंपाक बघून हलवतात, आणि खात राहिल्या. हळूहळू, न बोलता, वाटीचा तळ चमच्याने खरवडून त्यांनी सगळी खिचडी संपवली. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर चार वाजता पातेल्याच्या बुडाचं खाणारी ती बाई. मग रिकामी वाटी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आणखी आहे का?"

डॉक्टरांनी एकच वाटी लिहून दिली होती. मी आयुष्यभर लोकांना 'पुरे' म्हणत आले. त्या दिवशी मी खाली जाऊन डॉक्टरांशी भांडले, आणि अर्धी वाटी आणखी घेऊन आले.